आईच्या उशाखालचं पत्र

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या म्हाताऱ्या पाद्री ऑबेडची लेक लविनिया घराण्याचा इतिहास लिहायला बसली होती. यादवी युद्धात बाप एका पलटणीचा पाद्री होता. भाऊ सायलस दुसऱ्या पलटणीत मारला गेला. तिथल्या पाद्र्याचं पत्र आईनं मरेपर्यंत उशाखाली जपलं होतं.

"बाबा, हे जसंच्या तसं उतरवते. 'त्याला काही त्रास झाला नाही. शेवटी ओठांवर आईचंच नाव होतं.'"

"ते नको घालूस."

"का? वीस वर्षं आई या दोन ओळींवर जगली, आणि तुम्हाला त्या इतिहासात नकोत?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढून ठेवला.

 

"तो पाद्री माझ्याच हाताखाली तयार झालेला, लवी. ज्याचं पुरायलाही काही हाती लागत नाही, त्याच्या आईला हेच लिहायचं, हे मीच शिकवलं त्याला."