घरबसल्या ऐंशी टक्के

“एकीलाच काढायचंय,” मालक खाली मान घालून म्हणाले. “कोणाला, ते तुम्हीच ठरवा.”

गणवेश शिवायच्या त्या खोलीत पाच जणी होत्या. कुणकुण चार दिवसांपासून होतीच. एरवी असल्या वाक्याने तोंडचं पाणी पळालं असतं. पण इस्त्रीच्या टेबलावर परवाचं वर्तमानपत्र होतं आणि त्यात ठळक छापलं होतं : ‘नोकरी गेली? सहा महिने घरबसल्या ऐंशी टक्के पगार!’

“मला काढा, मालक! सहा महिने तंगड्या पसरून झोपते,” इस्त्रीवाली म्हणाली. हशा पिकला.

कटिंगच्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्या बेकारी भत्त्याच्या कचेरीत जाऊन आल्या होत्या. भत्ता खरा होता, पण वीसपेक्षा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांसाठी. बातमीदाराने नियमाचा पहिला परिच्छेद वाचला आणि दुसरा चहाबरोबर पिऊन टाकला असावा. इथून जाईल तिला फुटकी कवडीही मिळणार नव्हती.

सांगावं का? सांगितलं की हसणं बंद आणि चिठ्ठ्या सुरू. आपलीच चिठ्ठी निघाली तर? अठ्ठावन्नाव्या वर्षी नवीन काम कोण देणार? घरी नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला. मावशी कापडावर खडूने रेघ मारत राहिल्या. रेघ वाकडी गेली.

“सगळ्या गप्प बसा,” काजं करणारी पोरगी म्हणाली. “माझं लेकरू लहान आहे. मीच जाते. आयती सुट्टी!”

अजून वेळ होती. मावशींनी तोंड उघडलं.

“नीट विचार केलास ना, बाई?” एवढंच बाहेर पडलं.

“पेपरात छापलंय, मावशी. खोटं कशाला असेल?”

मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पोरीने डबा उचलला, सगळ्यांना हात केला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी डबा तसाच बाजूला सारला. स्वतःची त्यांना किळस आली होती. दुपारी त्या पुन्हा कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

“साहेब, आमच्या गणवेशाच्या कारखान्यातली काजं करणारी पोरगी कामावरून गेली. बातमीवर विश्वास ठेवून. तिला खरं माहीत नव्हतं हो. तिच्यासाठी काहीतरी करा.”

“त्या बातमीने नुसता उच्छाद मांडलाय,” कारकून वैतागून म्हणाला. रोज शंभर चेहरे बघणारा माणूस, त्याने मान वर केली नाही. मग एकदम थांबला. “काजं करणारी? कडेवर लेकरू असलेली?”

“हो, तीच.”

“माहीत नव्हतं कसं? परवाच येऊन गेली की. काही मिळणार नाही म्हणून मी साफ सांगितलं. तर म्हणते, माझं राहू द्या, आमच्या कटिंगच्या मावशींना काढलं, तर त्यांना तरी मिळेल का?”