धम्मपालची गाडी

“रॅम्प झालाय छान. पण आता चाकाची खुर्ची वर चढवून दाखवा,” अदिती म्हणाली.

सरपंच सयाजी गडबडला. सकाळपासून त्याने शाळेपुढचा हा रॅम्प दोनदा धुवून घेतला होता. अपंगांना कायद्याने द्यायच्या सोयी खरोखरच दिल्या आहेत का, हे बघायला दिल्लीच्या समितीकडून बाई येणार म्हणून गाव लग्नघरासारखं सजलं होतं. झेंडूची माळ झाली, नारळ झाला, चहा उकळून उकळून काळा झाला. खुर्चीचं तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शाळेची ही उंच जोत्याची इमारत गेल्या वर्षीच्या महापुरानंतर बांधलेली. पुन्हा कृष्णा चढली, तर शिरोळकडे पळत न सुटता सगळ्यांनी इथेच येऊन राहायचं, असं ठरलं होतं.

“खुर्ची वापरणारं गावात कोण आहे?”

“आता कोण न्हाय, म्याडम.”

“आता म्हणजे?”

मागून एक म्हातारा म्हणाला, “तानूबाईकडं गाडी हाय की. धम्मपालची.”

सयाजीने वळून त्याच्याकडे असं बघितलं, की म्हाताऱ्याने टोपी सारखी करायचं निमित्त काढून मान खाली घातली. पण अदितीने ऐकलं होतं.

“मग बोलवा ना त्यांना. खुर्ची घेऊन यायला सांगा.”

थोड्या वेळाने बौद्धवाड्याच्या बोळातून तानूबाई आली. धुतलेलं पांढरं लुगडं, केसांना पाणी लावलेलं, आणि दोन्ही हातांनी ढकलत आणलेली रिकामी खुर्ची. खुर्ची लखलखीत होती, बसायच्या जागेवर नवा अभ्रा होता. दिल्लीचं माणूस गाडीसकट बोलावतंय म्हणजे पोराचंच विचारणार, अशी तिची समजूत झाली होती. बिचारीचं काय चुकलं? वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं.

ती आली ती थेट अदितीसमोर उभी राहिली.

“माझं पोरगं ल्हिवा, बाई. धम्मपाल नाव. बारावी झाल्यालं. पायात जीव न्हवता, बाकी वाघ हुता.”

अदितीने पेन उघडलं आणि थांबली. “होता?”

“पुरात गेलं.”

अदिती मूळची कोल्हापूर शहरातलीच. दिल्लीला नोकरीला गेली म्हणून माणूस दगडाचं होत नाही. तिने आवाज उतरवून सांगितलं, “मावशी, आम्ही आत्ता गावात जे आहेत, त्यांचीच नोंद करतो.”

“व्हय? मग गेल्याल्यांची कोण करतंय?”

विचारू की नको असं होऊन शेवटी अदितीने विचारलंच, “त्याला बाहेर काढायला कुणी आलं नव्हतं का?”

बोलला सयाजी.

“आलतो की. मीच आलतो, ट्रॅक्टर घिऊन.” एरवी ग्रामसभा डोक्यावर घेणाऱ्या त्या माणसाचा आवाज ऐकायला लोकांना पुढे सरकावं लागलं. “ट्रॉली गच्च भरल्याली. त्याला उचलायला दोघं तरी पायजेत, आन् पानी तर वाढाय लागल्यालं. तोच म्हनला, आण्णा, आदी गाडी न्या. वाहून गेली तर मला परत कोन देनार? म्हनून गाडी टाकली वर, मानसांच्या डोक्यावर आडवी. त्याला म्हनलं, फुडच्या खेपंला तुला नेतो.”

त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

“फुडं रस्ताच ऱ्हायला न्हाय, म्याडम.”

तानूबाई तेव्हा लेकाजवळच होती. पाणी छातीला लागलं तशी ती पत्र्यावर चढली. त्याला वर ओढायचं काही तिच्याने झालं नाही. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच कुणी तिच्या दारात जाऊन बसत नव्हतं. सयाजीने हा रॅम्प सांगितल्यापेक्षा दुप्पट रुंद करून घेतला, तेव्हा गवंडी हसले होते, बैलगाडी चढवायची काय म्हणून. तो मात्र हसला नव्हता.

“राहू दे मावशी,” अदिती म्हणाली. “खुर्ची नको. माझं बघून झालं.”

“ऱ्हाऊ कशाला दे? एवढा केलाय तर बगूया की चढवून.”

सयाजी लगबगीने खुर्चीला हात लावायला पुढे झाला.

“सरा, सरपंच.”

तो सरला.

तानूबाईने खुर्ची रॅम्पला लावली आणि ढकलू लागली. चाकं जराही कुरकुरली नाहीत, रोज तेल घातल्यासारखी सरळ वर गेली. गर्दीत एकाने टाळी वाजवली आणि दुसरी वाजवायच्या आत हात मागे घेतला. वर पोचल्यावर तिने खुर्ची गावाकडे तोंड करून उभी केली, ब्रेक लावला, आणि अभ्र्यावरची सुरकुती हाताने सारखी केली.

अदिती तिच्यामागून वर आली. काहीतरी बोलायला हवं होतं.

“जड नाही ना गेली, मावशी?”

“रिकामी हाय, बाई,” तानूबाई म्हणाली. “चढंल की.”