न फुटणारं दार

"घ्या, मारून बघा," म्हणत लामुनूनं हातोडा त्या बाईच्या हातात दिला.

बाईनं तो घेतला, पण उगारला नाही. समोरच्या लोखंडी दाराकडं बघत नुसती उभी राहिली. मागून तिचा विक्रेता कोमाकेच हळूच म्हणाला, "मॅडम, ही मागंही येऊन गेलीय. बघते आणि जाते. घेणाऱ्यातली नाही."

गिऱ्हाईक कसं पटवायचं, हेच तर लामुनूला त्याला दाखवायचं होतं. राजधानी कंपालाहून स्वस्त दारं यायला लागली आणि गुलू शहरातला तिचा दारांचा कारखाना थंडावला. सकाळीच तिनं सगळ्या विक्रेत्यांना फैलावर घेतलं होतं. "गिऱ्हाईक लोखंड घेत नाही, रात्रीची झोप घेतं. त्याला बोलू दिलंत की त्याला शंका सुचतात. तुम्ही बोलत राहा." चोरांनी एकदा तिच्या आईचं दुकान धुऊन नेलं होतं, तेव्हा ती या धंद्यात पडली. दाराबद्दल आपल्याला कुणी काही शिकवावं, असं तिला वाटत नसे.

"मला या दाराबद्दल जरा..." बाईनं सुरुवात केली.

"आधी पत्रा बघा, ताई. मग बिजागऱ्या बघा. बाहेरून कुलूप घातलं की पहार लावली तरी हलणार नाही." लामुनू बोलत राहिली. बाईनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मागं ग्राइंडर किंचाळत होता.

तेवढ्यात वीज गेली. ग्राइंडर बंद पडला आणि कारखान्याच्या अंगणात एकदम शांतता झाली. लामुनूचंही सांगून संपलं होतं. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "तुमच्या घराला कसलं दार आहे?"

"तुमचंच."

लामुनू खुलली. कोमाकेचकडं बघून हसली. "मग तुम्हीच सांगा याला. फुटलं का कधी?"

"नाही," बाई म्हणाली. "सगळी गल्ली लागली होती फोडायला. कुदळी आणल्या, पहार आणली. असाच एक हातोडाही होता. नाही फुटलं."

"एवढे चोर?"

"चोर नव्हते. आग लागली होती. आई आत होती."

लामुनूचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते आवरायचंही तिला सुचेना.

बाईचं नाव अतीम. बाजारात तीळ विकायची. आईला अलीकडं काही आठवत नसे, घराबाहेर पडली की रस्ता चुकायची. म्हणून अतीम बाहेरून कुलूप घालून जायची. त्या दिवशी शेगडी कलंडली. "निरोप मिळाला तशी मी किल्ली घेऊन पळत आले. दार एवढं तापलं होतं, हात लावायची सोय नव्हती. आतला आवाज तोवर थांबला होता."

"हे आधी का नाही सांगितलंत?" लामुनूनं विचारलं.

"सांगायलाच येत होते. मागच्या वेळी तुमचा माणूस बोलत होता. आज तुम्ही बोलत होता."

कोमाकेचनं मान खाली घातली. लामुनू ओट्यावर बसली. ती म्हणाली, "ताई, मी काय करू?"

"आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता येईल असं काहीतरी करा."

"पण मग आई बाहेर गेली असती..."

"गेली असती," अतीम म्हणाली. "कुणीतरी हाताला धरून आणून सोडली असती."

पुढं लामुनूनं कुलूप बदललं. बाहेरून बंद असलं तरी आतून मूठ फिरवली की उघडणारं. ते दार पार लिरा शहरापर्यंत गेलं, कंपालाची दारं मागं पडली. विक्रेत्यांना तिनं एकच सांगितलं, की आधी विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी तिनं सगळी कामं थांबवली. आजवर बसवलेलं प्रत्येक दार जाऊन बघायचं तिनं ठरवलं. वेल्डर आणि कोमाकेचला घेऊन ती कारखान्यामागच्याच गल्लीत गेली. पहिलं घर कोमाकेचनं दाखवलं. दार तिच्याच कारखान्यातलं होतं. ऊन चढलं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लामुनूनं दार वाजवलं.

आतून एका लहान मुलीचा आवाज आला, "आम्ही तिघं आहोत. किल्ली आईकडं आहे."