वसईचा एकही माणूस नसलेलं शहर

जॉयलने नुसते केस कापले तरी संध्याकाळपर्यंत अख्खी आळी विचारायची, "मुलगी बघायला चाललास काय रे?" या जाचातून सुटायला त्याने कॅनडा गाठायचं ठरवलं. पण टोरंटोत अर्धी आळी आधीच पोचलेली. म्हणून तीन महिने शोधून त्याने रिजायना शहर पक्कं केलं, जिथं वसईचं चिटपाखरूही नव्हतं, आणि फक्त आईला सांगितलं.

"उणे चाळीस डिग्रीत एकटा राहशील, पोरा?" आईचे डोळे भरले.

"एकटाच राहायचंय गं मला!"



रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपताना फादरांनी सूचना वाचली: "जॉयलच्या आईच्या विनंतीला मान देऊन जी अकरा कुटुंबं त्याच्यासोबत रिजायनाला निघाली आहेत, त्यांनी बैठकीसाठी थांबावं."