विहाराची वाट

"हितं वाट नव्हतीच कदी," हॉटेलवाल्या हौशीरामशेठनी ग्रामसभेत ठणकावलं. बुद्धविहाराकडं जाणारी वाट त्यांनी नुकतीच कुंपणात घेतली होती.

त्याच वाटेनं रोज विहारात जाणाऱ्या यशोधराला शेठपुढं हात जोडायचे नव्हते. तिनं आपल्या जुन्या डीटीपीच्या दुकानातला, तीस वर्षांपूर्वीचा पेटीसारखा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. त्याचा वीतभर पडदा कधीच बंद पडला होता.

"मावशी, भंगारात घाला की ते," कुणीतरी हसलं.

तिनं पुण्यात खास करून घेतलेली वायर पंचायतीच्या भिंतीवरच्या मोठ्या मॉनिटरला जोडली. शेठच्याच हॉटेलच्या उद्घाटनाची, तिनंच तेव्हा जुळवलेली निमंत्रणपत्रिका सगळ्यांसमोर उघडली. शेवटच्या ओळी तिनं मोठ्यानं वाचल्या.



"येण्याचा मार्ग : बुद्धविहाराच्या वाटेने सरळ आत यावे. आपला नम्र, हौशीराम."