खाली ठेवलेली खिडकी

प्रसूतिगृहाच्या कोनशिलेवर नाव होतं कचेरीतल्या भागीदाराचं. आराखडा मात्र पहिल्या रेघेपासून इंदुमती चौबळांचा, शहरातल्या पहिल्या बाई आर्किटेक्टचा. उद्घाटनाचं आमंत्रण आलं नाही, म्हणून आठवडाभरानं त्या एकट्याच बघायला गेल्या.

वॉर्डात एक बाळंतीण खाटेवरून बाहेर बघत होती.

"खिडकी इतकी खाली कुणी ठेवली हो, बाई?"

"मी. ही इमारत माझी आहे." हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

"बरं केलंत. पडल्यापडल्या रस्ता दिसतो. मुलगी झाल्याचा निरोप धाडलाय, येतीलच हे."

दिवेलागण झाली तरी कुणी आलं नाही. ती मुकाट्यानं रडू लागली.

इंदुमतींच्याही घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. स्टूल ओढून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं.

"मी थांबते," त्या म्हणाल्या.