लाल ठिपका

उपग्रहाने काढलेल्या फोटोंची छोटी थंबनेल्स करून ठेवणं हे माझं काम. लोक ती बघून मूळ फोटो मागवतात.

आज साहेबांना हुक्की आली. "जुनी थंबनेल्स मूळ फोटोंशी जुळत नाहीत. सगळी पुसून नव्याने काढा."

संगणकावर काम लावून दिलं आणि सहज आमच्या गल्लीचं जुनं थंबनेल उघडलं. आमचं छप्पर लाल ठिपक्याएवढं दिसलं. मूळ फोटोत तिथे मोकळी जमीन होती. मग गेल्या वीस वर्षांचे मूळ फोटो उघडले. आमचं घर एकातही नव्हतं.

घाईघाईने काम थांबवलं, पण तोवर आमच्या गल्लीचं नवं थंबनेल तयार झालं होतं. त्यात ठिपका नव्हता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, हसू नका हं. स्वयंपाकघराचं दारच सापडत नाहीये मला."